उजवीकडून दोन ठोके

रायवोने ताल्लिनहून मशीन आणून दिलं,
खोक्यातून काढलं, चाकाखालचं भांडं पाण्याने भरलं.
म्हणाला, आत्या, आता हाताने कोन साधायला नको.
पातं जिगमध्ये कसायचं, दांड्यावर टेकवायचं,
पुढचं चाक बघून घेईल.
आणि शेवटची बोट चुकेल म्हणून
कॉफी न घेताच गेला.

वेल्दा आठवडाभर तिकडे फिरकली नाही.
हियुमा बेटावर फेब्रुवारी.
नजर पोचेल तिथवर समुद्र गोठलेला,
वल्ह्यांच्या सहा जोड्या बर्फ फुटायच्या आत द्यायच्या,
आणि रंधा तर लाकूड तासायचं सोडून
ओरबाडायला लागलेला.

शेवटी तिने एन्देलचं पातं काढलं.
चाळीस वर्षं घासून घासून
मांजराच्या जिभेएवढं उरलेलं.
माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे
धारेच्या उतारावर काळी शाई फासली,
फिरत्या चाकाला जेमतेम टेकवलं,
आणि खिडकीशी नेऊन पाहिलं.

शाई फक्त उजव्या कोपऱ्यात पुसली होती.

जिग ढिला केला, पुन्हा कसला.
पुन्हा उजवा कोपरा.
गुण्या लावला, तर पोलादाच्या कडेने उजेड
पाचरीसारखा आत घुसला.

म्हणजे हा माणूस जन्मभर वाकडी धार लावत होता!
गावातल्या दर दाराला ज्याने नावं ठेवली,
'हे कुणी बसवलं, पिऊन बसवलं का?' म्हणत
परक्यांच्या उंबऱ्यात जो ओणवा व्हायचा,
तोच.
होडी अंगावर कलंडली तेव्हापासून
त्याचा एक खांदा उतरलेला.
पातं धरतानाही तो उतरलेलाच असणार.
कोट घालताना तिला दिसायचा,
साणेपाशी कधी दिसला नाही.

दुपार गेली. चाक सावकाश,
दळणासारखं नाही, कुजबुजल्यासारखं.
पाणी राखाडी झालं, मग दाट.
पात्याच्या पाठीला बोटाला लागेल न लागेल अशी
खरखरीत कड आली,
ती तिने चामड्यावर पुसून काढली.
मनगटावरची लव अलगद उतरली.
गुण्यापलीकडे आता अंधार. काटकोन.
भांड्यातला गाळ तिने नेहमीसारखा
जुनिपरच्या बुंध्याशी ओतला
आणि क्षणभर उगीच तिथे उभी राहिली,
थंडी फार होती म्हणून आत आली.

पातं रंध्यात बसवलं, पाचर ठोकली,
अ‍ॅशच्या फळीवर पहिला हात मारला.
डावीकडे सालीएवढा जाड छिलका,
उजवीकडे काहीच नाही.

पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. तेच.
तिसऱ्यांदा ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली:
पाचर बसल्याबरोबर हातोडीने
पात्याच्या माथ्यावर उजवीकडून दोन ठोके.
लग्नाच्या वर्षी एन्देलने शिकवलेले.
का, ते त्याने सांगितलं नव्हतं.
तिनेही विचारलं नव्हतं.

रविवारी रायवोचा फोन आला. मशीन कसं आहे?
चांगलं आहे, ती म्हणाली. फार सरळ आहे.

वल्ह्यांची चौथी जोडी झाली आहे.
पातं बसवलं की ती अजूनही
उजवीकडून दोन ठोके मारते,
मग हातोडी दुसऱ्या बाजूला नेऊन
डावीकडून दोन.