अकरा जण जेवायला

पत्रात शब्द होता : "हस्तांतरण".
कियोएनं कानामागची पेन्सिल काढली,
त्यावर रेघ मारली, वर लिहिलं, "परत",
आणि तोच कागद साप्पोरोला पाठवून दिला.
सात महिने लागले त्यांना तो एक शब्द गिळायला.
तोवर ती रोज पहाटे किनाऱ्यावर
समुद्रशेवाळाच्या लांब पट्ट्या वाळत घालत राहिली,
चाळीस वर्षं घालते तशाच,
कडेला कड जुळवून.

अध्यक्ष वगैरे ती नाही. म्हणजे आहे,
पण खुर्ची कुणी घेईना म्हणून.
सभेला किटली घेऊन येते
आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्याच्या शेजारी बसते.

त्या वर्षी तो इसाओ होता.
साठीचा, स्वतःचा ट्रक असलेला.
दिवसातून दोनदा दाढी करायचा,
गालावर सावलीसुद्धा नको.
शाळेत तो दिसला की पोरं ओरडायची, "आ, इनू!"
म्हणजे, अरे, कुत्रा!
आमच्या बोलीत आइनू म्हणजे माणूस.
मधल्या एवढ्याशा श्वासात
त्याचा सगळा जन्म अडकून पडलेला.
बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यानं.
कियोएनं इतकंच विचारलं,
"ट्रकमध्ये अकरा खोकी मावतील?"

खोक्यांवर आकडे. पुरुष, प्रौढ. स्त्री, वय अनिश्चित.
एका कवटीवर निळ्या शाईत मापं,
अक्षर फार सुरेख.
नव्वद वर्षांपूर्वी आमच्या टेकडीवरून
विज्ञानासाठी म्हणून उकरून नेलेली माणसं.
त्यातली माझी पणजी कोण, ते शाईला ठाऊक नाही.

नदी आमची, मासा सरकारचा.
विधीसाठी सॅमन धरायचा तरी अर्ज.
"उद्देश" या रकान्यात कियोएनं लिहिलं :
अकरा जण जेवायला येणार आहेत.
कारकुनाचा फोन आला. ती म्हणाली,
"लांबून येताहेत. उपाशी असतील."
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्यानं हळूच विचारलं,
"अकराच मासे कसे पुरतील? बावीस लिहू का?"

प्रार्थना कुणालाच येत नव्हती.
होती एक कॅसेट, कियोएच्या आजीच्या आवाजातली,
आणि मधेच, ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबांचा खोकला.
पोरांनी हिवाळाभर ती घासून घासून पाठ केली.
म्हातारे म्हणाले, उच्चार चुकतील, पूर्वज कोपतील,
त्यापेक्षा गप्प राहून पुरलेलं बरं.
तेव्हा पहिल्यांदा ती सभेत उभी राहिली.
"गप्प तर त्यांना खोक्यातही ठेवलं होतं," म्हणाली
आणि किटली भरायला गेली.

दिवस उजाडला तो बोचऱ्या वाऱ्याचा.
आधी आग, कारण ती सगळ्यात थोरली आजी,
निरोप पुढे जातो तो तिच्या हातून.
मग विलोच्या तासलेल्या काठ्या, कुरळ्या केसांच्या,
आणि घरी आंबवलेली भरड धान्याची दारू.
नऊ वर्षांचा रिकुतो म्हणत होता, डोळे मिटून.
बरोबर त्या जागी आला
आणि खोकला.
साहेबांसारखाच, दोनदा.

कुणी हसलं नाही. मग मी हसले. मग सगळेच,
खड्ड्याच्या काठाशी, नाकं पुसत.
हसून झाल्यावर कियोए गुडघे टेकून बसली
आणि मातीला म्हणाली, थोडं आमच्या बोलीत,
उरलेलं जपानीत :
"चुकलं-माकलं पदरात घ्या.
आम्हाला येतं ते एवढंच आहे.
पुढच्या वर्षी थोडं जास्त येईल."

बावीस मासे पुरले नाहीत.
खालच्या गावातली माणसंही आली, न बोलावता.
त्यातल्या कुणाकुणाच्या आजोबांनी
तेव्हा कुदळ धरली असेल. त्यांनी भांडी घासली.
इसाओ वाढत होता. चार दिवसांची दाढी,
पांढरे खुंट उन्हात चमकत होते,
आणि त्याची बायको पुन्हा पुन्हा रिकामं ताट घेऊन येई,
त्या गालाकडे बघत राही,
शेजारी नवं बिऱ्हाड आलंय
तसं.