बारा काड्या

गाडी जपानहून आली, जहाजाच्या पोटातून,
चार वर्षं कुणाकडे तरी नांदून.
बटण दाबलं की आतली बाई बोलते.
भाषा कळत नाही, सूर कळतो:
आज जरा जपून.
बरं बाई, म्हणते मी, आणि ओमारूच्या उतारावर
ब्रेकवरचा पाय हलका करते.

पडद्याच्या कडेला बारा काड्या असतात,
एकावर एक रचलेल्या.
मी घेतली तेव्हा अकरा होत्या.
पुढच्या हिवाळ्यात नऊ.
मग आठ.
रात्रभर चार्ज करूनही पडदा म्हणायचा, शहाण्णव किलोमीटर,
त्यापुढचं तुझं तू बघ.

मोराग, माझी बहीण, ओमारामाला. एकशे अठरावर.
फोनवर सांगायचे, बॅटरी म्हातारी झाली गं.
ती म्हणायची, मग आपण काय कोवळ्या आहोत?
दोघी हसायचो.
मी जायचे नाही.

डीलरने आधी माझं नाव विचारलं, मग चासीचा नंबर,
मग कीबोर्डवरून हात उचलले.
ही आमची नाही, म्हणाला.
काचेमागे हिचीच धाकटी उभी होती,
तेच नाक, तेच बटबटीत डोळे, छातीवर तोच बिल्ला.
ती आमची. ही बाहेरून आलेली.
अपडेट आहे हो, पण आमच्या गाड्यांना.
बिस्किट घ्या.

घेतलं बिस्किट.
ऑकलंडला तीन पत्रं टाकली.
एकाचं उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
ते फ्रीजवर लावलं, दुधाच्या हिशेबाशेजारी.

मग टिमारूच्या वर्कशॉपमधला सेमीसी.
त्याच्या मावशीचीही अशीच गाडी, अशीच परकी.
हळूच म्हणाला, गुरुवारी या.
गुरुवारी साहेब मासे धरायला जातात.

पंच्याऐंशी किलोमीटर, हीटर बंद,
मांडीवर घोंगडी, मागे दुधाचा टँकर हॉर्न बडवतोय.
पोचले तेव्हा सहा उरले होते.
त्याने स्टिअरिंगखाली वायर खोचली,
लॅपटॉप सीटवर ठेवला, आणि आम्ही दोघं
काहीच होत नसलेल्या पडद्याकडे बघत बसलो.
एकोणतीस टक्क्यांवर तो अडला.
सेमीसी पुटपुटला, प्रार्थना असेल किंवा शिवी.
मग पुढे सरकला.

अकरा काड्या.

मी म्हटलं, नवी बॅटरी घातलीस की काय?
नाही ओ, ती ठीकच होती.
मोजणारं चुकत होतं.

तीस वर्षं मी लोकरीच्या गाठी तोलल्या,
रोज सकाळी पहिल्या गाठीआधी
वीस किलोचं वजन ठेवून काटा तपासायचे.
मेंढपाळ माझ्यावर विश्वास ठेवायचे, मी काट्यावर नाही.
आणि इथे दोन वर्षं
एका पडद्याने सांगितलं आणि मी घरी बसले.

मोराग मार्चमध्ये ब्रिस्बेनला गेली, मुलाकडे.
घर विकलं. मला किटली पाठवली, पोस्टाने,
आत वर्तमानपत्र कोंबून.

रविवारी पडदा म्हणाला, एकशे सव्वीस.
मी निघाले. का, ते विचारू नका.
धरणं गेली, एकामागून एक, हिरवट पाण्याची;
कुरोच्या पुढे वारा समोरून आला
आणि आकडा रस्त्यापेक्षा भराभर उतरू लागला.
बाई बोलली. मी म्हटलं, कळलं, कळलं.

चार उरले असताना मोरागच्या दारात थांबले.
खिडकीला निळे पडदे, दुसऱ्या कुणाचे.
अंगणात तीन चाकी सायकल, आडवी पडलेली.
गाडी बंद केली तेव्हा बाई नेहमीसारखं काहीतरी म्हणाली,
दमलात ना, असं असावं, किंवा काही विसरू नका.

मी डिकीतून वायर काढली,
वेटोळं खांद्यावर घेतलं
आणि दार वाजवलं.
एका तरुण बापाने उघडलं, हाताला पीठ.
आधी मी वायर दाखवली, नाव नंतर सांगितलं.
तो म्हणाला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून घ्या,
पण वेळ लागेल ना?

हो, म्हटलं. रात्रभर.