चार बाय दीड

एकर म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट.
भागिले सहा.
सात हजार दोनशे साठ पऱ्हाट्या,
बियाण्याच्या रिकाम्या पुड्यावर मी लिहिलं.
शेत दोन एकर. चौदा हजार पाचशे वीस.
खाली दोन रेघा ओढल्या,
उत्तर आलं की ओढतात तशा.

दुर्पताबाईनं पुडा हातात घेऊन उलटा धरला.
"नाल्याकडचं कोंटं धरलं का यात?
बाभळीची साउली?
बैल वळते ते जागा?"

नव्हतं धरलं.
कागदावर माझं शेत चौकोनी होतं.
खरं शेत पारव्याच्या वाटेला
झोपलेल्या कुत्र्यासारखं पडलेलं,
एका अंगाला वाकून.

मग दोर आणला.
दीड-दीड फुटावर गाठ, गाठीत लाल चिंधी,
माझ्याच जुन्या ओढणीची.
एक टोक पंचफुलाच्या हातात, एक माझ्या,
मधे सहा बाया वाकलेल्या:
चिंधी दिसली की काडीनं भोक, भोकात दाणा,
वरून टाचेनं धूळ.

दुर्पताबाई दोराकडं पाहतच नव्हती.
दहाव्या तासाला मी हळूच टेप लावला
तिच्या दोन दाण्यांमधे.
अठरा इंच. पुढं अठरा.
पुढं साडेसतरा,
तिथं ढेकूळ होतं.

"मोजाचं काम पायाचं, व मास्तरीण.
तोंड गोठीले मोकळं ठेवा लागते."

मी विचारलं, दाट लावलं तर?
तीन बाय एक. झाडं थेट दुप्पट.
कंपनीचा माणूस चावडीवर सांगून गेला,
चित्रंही दाखवली.

ती उठली नाही, वाकल्या वाकल्याच बोलली:
"लाव ना. दिवाळीत येचाले बी तूच ये.
पऱ्हाटीत माणूस शिरलं पाह्यजे,
लुगडं न फाटता.
साप दिसला पाह्यजे.
बांधावरचं लेकरू उठून आत आलं
त त्याचं डोस्कं दिसलं पाह्यजे."

पुड्यावर हे कुठं लिहायचं, मला कळेना.

एकतिसाव्या तासाला रांग थांबली.
डोक्यावर टिटवी कधीची ओरडत होती,
आम्हाला वाटलं, कुत्र्यावर.
दुर्पताबाईनं बोट दाखवलं. मला दिसेना.
तिनं परत दाखवलं.
माती, माती, खडा, माती,
आणि मग एकदम चार अंडी,
मातीच्याच रंगाची,
टोकं आत करून ठेवलेली.

माझा दोर तिनं मला न विचारता उचलला.
तुराटीच्या चार काड्या रोवल्या
आणि रांग वळसा घेऊन पुढं गेली.

बारा बाय बारा, मी मनात.
एकशे चव्वेचाळीस. भागिले सहा.
"चोवीस झाडं गेली," मी म्हटलं.
"गेली कुठं? लावलीच नाई त."

उगवण झाली, खाडे भरले,
एका सकाळी मी मोजायला निघाले.
बारा हजार नऊशे आणि काहीतरी.
पुढं बेबीनं हाक मारली
आणि आकडा सुटला हातातून.
परत पहिल्यापासून मोजायचा धीर झाला नाही.

टिटवी कधी गेली, कुणी पाहिलं नाही.
पिलं काय, टरफलं काय, काही नाही.
चार काड्या तेवढ्या उभ्या.

दुसऱ्या डवऱ्याच्या वेळी तिथं वेल होता, वाळकाचा.
काड्यांच्या आत राहा, असं त्याला कुणी सांगितलेलं नसावं.
तिसाव्या तासात एक हात, चौतिसाव्यात दुसरा,
पऱ्हाटीच्या खांद्यावर पानं टाकून
पुढं निघालेला.
बी कुणी टाकलं, मी विचारलं.
दुर्पताबाई तेवढ्यात
पायातला काटा काढायला बसली होती.

वहीत 'वजा चोवीस' लिहिलंय.
त्याच्यापुढचा रकाना अजून कोरा आहे;
फक्त वाळकाची एक बी चिकटलीय,
बांधावर मीठ लावून खाताना
हात न पुसता पान उलटलं म्हणून.