साठ फुटांची परवानगी

पहाटे साडेचार, दारूखाना.
ओव्हाळ टेम्पोतून टोपली उतरवतो,
वेताची, नव्या पाळण्यासारखी करकरणारी.
मतलई आहे तोवर आटपा, रेमेडिओस म्हणते,
ऊन चढलं की दर्या उलटा श्वास घेतो.

बर्नर हुंकारतो.
झुलेखाने ताडपत्रीच्या मशीनवर शिवलेलं,
दोनदा उसवून पुन्हा शिवलेलं कापड
जमिनीवरच कूस बदलतं, मग
उठून बसतं.

साठ फूट, त्याहून वर नाही.
वर विमानांची वहिवाट आहे.
चार दोर, चौघांचे तळहात,
आणि टोपलीत मी:
भंगारातल्या जहाजांच्या उघड्या बरगड्या बघत,
अजून न पाहिलेल्या परक्या मैदानाचा
नकाशा मनात उलगडत.

तिथे खुणेवर वाळूची पिशवी टाकायची असते.
आम्ही ती गोदामाच्या गच्चीवरून टाकतो,
खाली खडूची फुली,
दिवसाला चाळीस वेळा.

परवा एक वॉचमनच्या चहात पडली.
शिंगोटेमामांनी ती धुतली,
दांडीवर वाळवली,
संध्याकाळी आणून दिली. म्हणाले,
वारा डावीकडून होता, पोरी,
तू धुराकडे बघितलंच नाहीस.

तेव्हापासून यादीत सहावं नाव त्यांचं.
पासपोर्ट नाही,
तरी.