पाण्याचा वार

धर्मशिक्षणाच्या शाळेत तीन वर्षं सांगितलं होतं:
शोक झालेल्या घरी जाताना
घड्याळ खिशात ठेवा, चप्पल बाहेर,
आणि उत्तरं शक्यतो आपल्याच घरी.
मी दोन नेली होती. पाठ करून.

विडी घरकुलात, गल्लीच्या टोकाला
रत्नमालाबाई रणभिसे.
इम्मानुएल जाऊन नऊ दिवस झाले होते.
लूमवर पस्तीस वर्षं काढलेला माणूस;
खटखटाटानं कान गेलेले,
म्हणून देवळात ओरडून गायचा
आणि सगळ्यांच्या एक ओळ मागं.
गेल्या रविवारी आमचं गीत
पहिल्यांदाच सगळ्यांचं एकदम संपलं.
कुणालाच ते बरं वाटलं नाही.

बाई सूप मांडीवर घेऊन बसलेल्या.
पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्री फिरवायची,
चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा.
"बसा," म्हणाल्या. मान वर नाही.
संध्याकाळी माल द्यायचा होता,
आणि मरण कारखान्याच्या हिशोबात धरत नाहीत.

मी शास्त्र उघडलं. मिटलं.
घसा खाकरला.
पंख्याखाली पानांचे तुकडे
थोडे सरकले, थांबले.
माझं पहिलं उत्तर
मलाच पाठ येईना.

तेवढ्यात भिंतीपलीकडून
नरसूबाई येमूल ओरडली,
"पाणी आलं वो! रत्ना, पाणी आलं!"

पाचव्या दिवशी येतं. तासभर. कधी तेही नाही.
सगळी गल्ली उठली: घागरी, पिंपं,
रंगाचे जुने डबे, कुणाची तरी शिवी,
मोटारीची घरघर,
अर्धी तेलुगू, अर्धी मराठी घाई.
बाईंनी सूप खाली ठेवलं
आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच
कुणाला तरी काम सांगितलं:
"पास्टर, पाईप धरा."

मी धरला.
शर्टाच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आलं.
नरसूबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं,
तिच्या दंडावर मरीआईचा दोरा,
हातात झाकलेली भाकरी, वर शेंगाचटणी.
ती ताटली तिनं चुलीशी ठेवली
आणि न बोलता गेली, तिचंही पिंप भरायचं होतं.
रोज ठेवत होती, असं नंतर कळलं.

मग बाई बोलल्या. माझ्याशी नाही, पिंपाशी.
"सिव्हिलात शेवटच्या रात्री पाणी मागत होते.
सिस्टर म्हणाली, द्यायचं नाही, नळी घातलीय.
मी नाही दिलं.
तीन वेळा मागितलं. मी मोजलं.
कापसानं ओठ तरी
ओले करायला पाहिजे होते का वो?"

तोंडाशी एक वचन आलं होतं,
तहानेचंच होतं, अगदी चपखल.
इतकं चपखल, की मला त्याची लाज वाटली.
"मला माहीत नाही," मी म्हणालो.

पाणी काठावरून फरशीवर आलं,
पानांच्या कचऱ्याला उचलून
उंबऱ्याकडं निघालं.
"वाया चाललंय," बाई म्हणाल्या,
"घागरीत धरा."

प्रार्थना राहूनच गेली.
निघताना आठवलं, तेव्हा त्या
ओल्या हातानं तंबाखू घेता येईना म्हणून
पदराला हात पुसत होत्या, पुसतच होत्या.
मी दारात थोडा वेळ उभा राहिलो.
त्यांनी "बसा" म्हटलं नाही,
"जा" पण नाही.

मंडळीच्या वहीत रकाने असतात:
भेट कोणाची. वचन कोणतं वाचलं. प्रार्थना झाली का.
मी लिहिलं: दोन पिंपं, चार घागरी, एक डबा.
वडील बोधकांनी चष्म्यावरून बघितलं
आणि लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून तिथंच आहे.

आता माझ्या डायरीत
आजाऱ्याच्या नावापुढं गल्लीचा पाण्याचा वार असतो.
त्या दिवशी जातो. बाह्या आधीच दुमडतो.
उत्तरं अजूनही नेतो, सवय जात नाही,
पण ती वरच्या खिशात असतात
आणि बहुतेक वेळा भिजतात.