एका फवाऱ्याचे किती?

हॅन्कॉकमध्ये ऑक्टोबरातच लोक बर्फाविषयी बोलायला लागतात,
जसं घरात येऊ घातलेल्या, न आवडत्या पाहुण्याविषयी.
मी खिळे तोलून विकते, दोर मापून,
आणि गल्ल्याच्या उजव्या हाताला ते डबे, लाल टोपणाचे,
अंगाला चिकटपट्टीने बांधलेली बारीक नळी,
जी प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच हरवतो
आणि मग सुटी मिळेल का, विचारत येतो.
मिळत नाही.

बिजागरीसाठी म्हणून कुणी क्वचितच नेतो.
उर्हो लाह्ती फावड्याला मारतो, पुढून मागून,
मग बर्फ पात्याला धरत नाही,
सुपातून फोलपटं जावीत तसा निघून जातो.
सायमा रुओना पक्ष्यांच्या दाण्याच्या खांबाला मारते.
खार अर्ध्यापर्यंत चढायची, थांबायची,
आणि डोळे वटारून सावकाश खाली यायची.
सायमा खिडकीत कॉफी घेऊन बसायची. म्हणाली, टीव्ही विकून टाकते.
चार दिवस. पाचव्या दिवशी खार छपरावरून आली.
टीव्ही आहे अजून.

पाद्री नीमिनेन ईस्टरच्या आधी दोन डबे नेतात,
बाकांखालचं च्युइंगगम सोडवायला.
कुठलं कुणाचं ते दातांच्या ठशांवरून ओळखू येतं, म्हणतात,
आणि माझ्याकडे बघतात.

तापानीच्या मुलीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर
मेणखडूने अख्खं घर काढलं होतं, आजी, कुत्रा, नांगरलेली होडी.
मीच सांगितलं, फवारा मार, फडक्याने पूस.
खडू गेला. तेल राहिलं,
ज्याचं त्याच्या जागी, ज्याच्या त्याच्या आकारात.
सकाळी नऊच्या उन्हात सगळे चमकतात, म्हणाला,
आता रंग कोण देणार,
आणि खरं सांगू, आईचं नाक जमलंय.

हे मी सांगते कारण हेल्मीचं सांगायचं आहे.

जानेवारी. दाराची कडी हाताला चिकटेल अशी थंडी.
हेल्मी ओयाला आली ती डावा हात छातीशी धरून,
दुखऱ्या पाखरासारखा.
बोट सुजलेलं, जांभळं, आणि अंगठी मांसात रुतलेली.
साबण झाला होता, लोणी झालं होतं,
दोरा गुंडाळून बघून झालं होतं.
नर्सिंग होममधल्या मुली म्हणाल्या, कापावी लागेल.
मी नमुन्याचा डबा घेतला. एक फवारा, मग अजून अर्धा.
फिरव, म्हटलं. ओढू नकोस, फिरव.
दुकानात त्या वासाशिवाय काही नव्हतं.
कशी निघाली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.
टण्, गल्ल्यावर.

तिथली कातडी पांढरी होती, ओली,
बावीस वर्षं ऊन न लागलेली.
ती बोटाकडे बघत राहिली. मी पावत्यांकडे.
मग म्हणाली, एका फवाऱ्याचे किती?
नमुना आहे, म्हटलं, नमुन्याचे काही नसतात.
तिने हातमोजे चढवले, दोन्ही, नीट,
आणि गेली.
अंगठी गल्ल्यावर.

हाक मारता आली असती. दार जड आहे,
बंद व्हायला वेळ लागतो. मारली नाही.
पुसली, आणि खालच्या खणात टाकली,
अर्ध्या इंचाच्या वॉशरांत. एक पाकीट करून
नाव घालता आलं असतं. पण गाव लहान आहे,
पाकिटावरचं नाव दुसरं कुणी वाचतंच.

मार्चमध्ये आली. रस्त्यावर राड, बुटांना राड.
नळ गळतोय म्हणाली, वॉशर दे.
केवढे?
बघून घेते.
मी अख्खा खण उचलून तिच्यापुढे ठेवला
आणि शिडीवर चढले, वरच्या फळीवर मला काहीच काम नव्हतं.
खाली बराच वेळ लोखंड चाळल्याचा आवाज,
तांदूळ निवडताना बोटं थांबतात तसा मध्येच थांबणारा.

चार घेतले, म्हणाली, मूठ मिटलेली.
मी उतरले.
बिल तिनाचं केलं.