मानस

चोडणला बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
तिसरीत बाईंनी फळ्यावर लिहिलं : मानस म्हणजे मन,
आणि मी वहीत त्या शब्दापुढे
दोन लाकडी झडपा काढल्या, खाली चार सुंगटं.
बाईंनी लाल शाईने काट मारली.

त्या झडपा रुझारच्या.
म्हणजे दरसाल पावणीत बोली लावून त्याने घेतलेल्या.
भरती आली की नदीच त्या ढकलून लावते,
सुकती लागली की आतलं पाणी उघडतं.
रुझार जाळं लावायचा, कंदील टांगायचा,
आणि पायरीवर बसून
कोण येतं, कोण जातं, ते बघायचा.

त्याच रुझारला मार्चमध्ये
बांबोळीत माझ्या खोलीत आणलं, स्ट्रेचरवरून.
मी मेंदूचे आलेख काढते, एकोणीस वर्षं झाली.
डोक्याला एकवीस तारा, प्रत्येकीखाली थंड पेस्ट.
डोळे मिटा, रुझारबाब. उघडा. मिटा.
उजवीकडची लाट सुस्त,
चिखलात रुतलेल्या होडीसारखी.

दृष्टी शाबूत, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलंय.
पण डावी बाजू त्याच्यासाठी नाहीच.
तिथे अंधारही नाही.
अंधार असता तर त्याने कंदील मागितला असता.

घड्याळ काढा म्हटलं :
बाराही आकडे उजव्या अर्ध्यात,
फेरीबोटीच्या एकाच कठड्याला सगळे लोक लागावेत तसे.
मानस काढा म्हटलं : एक झडप.
दुसरी?
"एकूच आसली."
मी त्याचा डावा हात उचलून त्याच्यासमोर धरला. हा कोणाचा?
"कोणूय विसरून गेला. दवर कुशीक.
येतलो व्हरूंक."

दुपारी शीत-हुमण आलं.
ताटाचा उजवा अर्धा त्याने चाटूनपुसून खाल्ला
आणि कुरकुरला, आज शीत उणें.
सिस्टर आवेलिना काही बोलली नाही.
तिने ताट अर्धं फिरवलं.
"आं," रुझार म्हणाला, "देव बरें करूं."

माझे मामा म्हणतात, दिसतं ते सगळं दोरीवरचा साप.
आमचा तरुण डॉक्टर म्हणतो, मेंदू जग बघत नाही,
जगाचा अंदाज बांधतो
आणि त्या अंदाजालाच खिडकी समजतो.
मला दोघेही पटतात, आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी.
नागेशीच्या तळ्याकाठी एक जागा आहे,
तिथून पाण्यात गाभाऱ्यातला दिवा दिसतो.
एक पाऊल सरका : नुसतं हिरवं पाणी, मासे.
मामांना विचारलं, मग खरा कोण, दिवा की पाऊल?
मामा बराच वेळ माशांकडे बघत राहिले.

मे संपता संपता रुझारला घरी सोडलं.
रायबंदरहून फेरीने मीही गेले सोबत.
संध्याकाळी त्याला मानशीच्या पायरीवर बसवलं,
पाठीला उशी, मांडीवर तो विसरलेला हात.
सुकती लागत होती.
डावी झडप करकरली, उघडली,
आणि त्याच्यासाठी जी बाजू नाही
त्या बाजूने पाणी आलं
पायरीला वळसा घेत, उजव्या पावलापाशी.
त्याने मान तिरकी केली.
"उदक येता."
खंयसून, रुझारबाब?

खाजनात एक खंड्या बुडला, वर आला,
चोचीत काही नव्हतं.
रुझारने पाऊल थोडं पुढे सरकवलं, पाण्यात.
"ना थंयसून,"
शेजारच्या वाड्याची वाट सांगावी
इतकं साधं सांगितलं त्याने.

परतीच्या फेरीत मी, दोन स्कूटर, एक कुत्रा.
घरी जेवायला बसले :
भात, सोलकढी, तळलेला बांगडा.
सगळं संपवलं.
मग कुणी बघत नाही असं पाहून
रिकामं ताट हळूच अर्धं फिरवलं.
पुन्हा रिकामंच.

तरी बराच वेळ
हात धुवायला उठले नाही.